चादरीबाहेर

अकराव्या मिनिटाला पडद्यावर नवऱ्याचा खून झाला आणि मास्तर खुर्चीत सावरून बसले. आता त्यांचं काम होतं.

जिवंतपणीचा नवरा एका नामवंत नटाने केला होता. त्याला चादरीखाली तीन दिवस पडून राहायला सवड नव्हती, म्हणून मेल्यानंतरचा सगळा भाग मास्तरांच्या वाट्याला आला. मास्तरांनी एकतीस वर्षं बँडमध्ये मोठा ढोल वाजवला होता. निवृत्तीनंतर माणसाने स्वस्थ पडून राहावं, असं घरच्यांचं म्हणणं होतं. मास्तर तेच करत होते, फक्त कॅमेऱ्यासमोर.

बाहेर मात्र त्यांनी "सिनेमात भूमिका आहे" एवढंच सांगितलं होतं. त्यामुळे दुपारच्या पहिल्याच खेळाला बायको, मेहुणा आणि त्यांच्या जिन्यातली चार बिऱ्हाडं अशी अख्खी रांग भरली होती.

"दाजी, तुम्ही कुठे आहात?" मेहुण्याने विचारलं.

"तो काय, चादरीखाली."

"आणि चेहरा?"

"तोही चादरीखाली."

मेहुण्याने डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं. "मग मीही तिथे होतो असं सांगायला हरकत नाही," तो म्हणाला. चारही बिऱ्हाडं खुसखुसली. बायकोने पिशवीतून चष्मा काढला, पदराने पुसला आणि लावला.

मास्तरांची काळजी वेगळीच होती. सिनेमातली बाई नवऱ्याला विष घालते, आणि फोटोवाले घरात शिरले की प्रेताभोवती नाचत गाणं म्हणते. त्या एका गाण्यावर ती इतकी गाजते, की शेवटी न्यायाधीशसुद्धा तिची सही मागतात आणि तिला सोडून देतात. हे गाणं न थांबता, एका दमात चित्रित करायचं होतं. सोळा वेळा नायिका चुकली. सतराव्या वेळी ती अशी नाचली, की दिवे धरणारी माणसंही डोलायला लागली. मास्तरांचा उजवा पाय कधी चादरीबाहेर सरकला ते त्यांनाही कळलं नाही. कळलं तेव्हा अंगठ्याने ताल धरलेला होता. एकतीस वर्षं त्यांच्या हाताने फक्त ढोल बडवला होता, मोजण्याचं काम अंगठ्याकडे होतं.

दिग्दर्शकाने आधीच बजावलं होतं, "प्रेत हललं तर मी दुसरं प्रेत आणीन. नाही हललं, तर पुढच्या सिनेमातही तुम्हीच." शॉट मंजूर झाला. अंगठा कुणीच पाहिला नव्हता. सगळ्यांचं लक्ष नायिकेकडे होतं. नायिकेचंही.

आता पडद्यावर तो अंगठा दोन पुरुष उंच होता.

आधी पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग हसू मागे मागे सरकत आलं. दुसऱ्या कडव्याला लोक अंगठ्याबरोबर टाळ्या वाजवू लागले, आणि तिसऱ्या कडव्याला नायिकेकडे कोणी बघेना. मास्तर खुर्चीत इतके घसरले, की नुसतं टक्कल वर उरलं.

"अहो," बायको म्हणाली, "हा तुमचा अंगठा."

"कशावरून?"

"वाकडं नख बघा. ढोल पडला होता त्यावर. सव्वा महिना शेकत बसले होते मी."

मेहुणा पुढे वाकून नख निरखू लागला.

खेळ सुटल्यावर बाहेरच्या दालनात दिग्दर्शकाभोवती पत्रकारांचं कोंडाळं झालं. एक जाड चष्म्याचे समीक्षक गहिवरले होते. "खुनी बाईला डोक्यावर घेणाऱ्या जगात मेलेल्यालाही ठेका धरावासा वाटतो. काय प्रतीक आहे हो."

दिग्दर्शकाच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीच उमटलं नाही. मग सगळंच उमटलं.

"सिनेमाच्या आधी मला तो अंगठाच सुचला," तो म्हणाला. "त्यासाठी एक मोठा नर्तक आणला होता. तीन महिने तालीम केली."

"त्यांचं नाव?"

"ते प्रसिद्धीपासून दूर राहतात."

मास्तरांच्या बायकोने हे ऐकलं. तिने नवऱ्याचं कोपर धरलं आणि गर्दीतून वाट काढत त्यांना थेट मधोमध उभं केलं.

"बूट काढा."

"अगं, लोक आहेत."

"लोक आहेत म्हणूनच."

मास्तरांनी बूट काढला. मोजा काढला. कॅमेरे खाली वळले. दिग्दर्शकाने अंगठ्याकडे पाहिलं आणि तो समंजसपणे हसला. "आजी, वाकड्या नखाची माणसं पुष्कळ असतात. काय हो मास्तर? आणि पुढच्या सिनेमात दोन प्रेतं आहेत बरं का."

मास्तरांना दोन प्रेतं म्हणजे लहान गोष्ट नव्हती. "असतात," ते हळूच म्हणाले. "पुष्कळ असतात." बायकोने त्यांचं कोपर सोडलं. मेहुणा पुढे झाला आणि कधी नव्हे त्या हलक्या आवाजात म्हणाला, "चला दाजी, मोजा घाला."

मास्तर मोजा घ्यायला वाकले, तेवढ्यात पुढच्या खेळाची गर्दी आत घ्यायची म्हणून तिकीट तपासणाऱ्याने स्पीकर लावला. तेच गाणं.

मास्तरांनी दात आवळले, श्वास कोंडला, डोळे मिटले. तीन दिवसांत शिकलेलं सगळं मरण त्यांनी पणाला लावलं. आणि दुसऱ्या ओळीला अंगठ्याने भर गर्दीत, सगळ्या कॅमेऱ्यांसमोर, गुन्हा कबूल केला.