दोन सह्या

"चार नंबर सकाळपासून कण्हून राह्यली. कान हायेत का नाही इथं कोणाले," फरशी पुसता पुसता देवकाबाई पुटपुटली.

मथुराबाईंना ते ऐकू आलं. कण्हणं तर अगदी कानाशी होतं. आदिलाबादच्या दवाखान्यात तीस वर्षं काढलेल्या सिस्टरला कण्हण्याच्या जाती कळतात. हे हाडातून येत होतं. हैदराबादहून आयसीयूत नवी मशिनं आली होती. ती श्वास मोजत, कळ मोजत नसत.

"रुक्मा," त्यांनी हाक मारली.

रुक्माबाई त्यांच्याच हाताखाली शिकलेली, आता हेड सिस्टर. ती आली, आणि नेहमीसारखी त्यांचं मनगट धरूनच बोलू लागली. "काय म्हणता, बाई?"

"चार नंबरले मॉर्फिन काऊन नाही दिलं?"

"गरज पडली तर द्या, असं लिवलं हाय डॉक्टरनं."

"मंग गरज कोणाले पडाची हाय? डॉक्टरले?"

रुक्मा हसली नाही. "दम मंदावते. सवय लागते. तुमीच शिकवलं, बाई."

शिकवलं होतं खरं. फार वर्षांपूर्वी उटनूरची एक पेशंट, सोजरबाई, दिवसभर मॉर्फिनच्या सुईसाठी हात जोडत होती, आणि कपाटाची किल्ली मथुराबाईंच्या कमरेला होती. 'सोस थोडं,' असं त्या म्हणाल्या होत्या. दिवे लागायच्या आत खाट रिकामी झाली. तो एक दिवस परत मिळावा, एवढंच त्यांना तेव्हापासून हवं होतं. बाकी काही नाही.

त्यांचा हात कमरेकडे गेला.

"किल्ली माह्याजवळ हाय," रुक्मा म्हणाली.

"बरं केलं. मी कुठी ठेवली असती कोण जाणे."

खिडकीतून लिंबाचा नुसता शेंडा दिसत होता.

"मी चुकली, रुक्मा. जाणाऱ्याले कायची सवय लागते? रजिस्टर आण. दोन सिस्टरच्या सह्या लागतात ना? एक तुही, एक माही. जिम्मा माह्यावर."

देवकाबाईचं पोतेरं थांबलं.

रुक्मानं कपाट उघडलं. सुई भरली, रजिस्टर आणलं, उभ्याउभ्याच आपली सही केली. मथुराबाईंनी पेनासाठी हात पुढे केला. रुक्मानं पेन दिलं नाही. तो हातच आपल्या हातात घेतला.

"तुमची सही नाही चालत, बाई," ती म्हणाली. "चार नंबरवर तुमीच आहा."