धक्का शून्य

संगणकाच्या पडद्यावर ते कडं रोज पेटायचं. चुंबकांच्या पकडीत तरंगणारा धगधगता वायू, फक्त आकड्यांनी उभा केलेला. तो किती वेळ टिकतो, हेच दामिनीचं संशोधन होतं. सुरुवातीला एक बारीक आकडा टाकून कड्याला धक्का द्यावा लागे, कारण धक्क्याशिवाय ते मोडत नसे. तीन वर्षांत ते एकदाही टिकलं नव्हतं.

त्या दुपारी ती धक्का द्यायलाच विसरली. तरीही कडं एका बाजूनं फुगलं आणि तुटलं.

"धक्का शून्य असला तं मोडालेच नाही पायजे," तिचे मार्गदर्शक प्रीतम सर म्हणाले. "पुन्हा लाव."

पुन्हा फुगवटा आला, नेमका तिच्या खुर्चीकडं. ती उठून खिडकीशी गेली. फुगवटा खिडकीकडं वळला, ताणला आणि कडं तुटलं. दर वेळी ती हलली की ते तुटायचं. सरांनी तिच्या खुर्चीत बसून पाहिलं. त्यांच्याकडं ते वळलंच नाही.

"मंग तीन वर्षं मी काय मोजून राहिली होती, सर?"

सरांनी तिच्याकडं पाहिलं नाही. "तू घरी जाय. तू नसली तं टिकते का, पाहू."

अमरावतीहून ती अकोल्याला आली. जठारपेठेतल्या घरी पलंगावर बसून तिनं फोन लावला.

"टिकलं काय, सर?"

"टिकून आहे. पण फुगवटा पश्चिमेकडं आहे. अकोल्याकडं."

फोन कानाशी धरून, जराही आवाज न करता, ती पलंगावरून उठली.

"दामिनी," सर अगदी हळू म्हणाले, "बस खाली."