निरभ्र फोटो

उपग्रहाच्या फोटोवरून आखलेला नकाशा अस्मिताने ग्रामपंचायतीच्या टेबलावर पसरला आणि निळ्या पूररेषेवरून बोट फिरवलं. "मागच्या पुरात पाणी ओढ्यापर्यंतच आलं होतं. ओढा आणि मारुतीच्या मधल्या माळावर घरकुलं बांधायला हरकत नाही."

"मग मी नदीची ओटी मारुतीच्या पायरीवर कशी भरली?" दारापाशी बसलेल्या म्हाताऱ्या हौसाबाईंनी विचारलं. "पूर जिथं टेकतो तिथंच जाऊन भरतो आम्ही बायका. ओढा तर पार खाली राहिला की गं."

कुणीतरी हसलं. अस्मिताने लॅपटॉपवर फोटोची तारीख पाहिली. पूर चढला त्या तीन दिवसांच्या फोटोंत नुसते ढग होते. म्हणून तिनेच चौथ्या दिवसाचा निवडला होता, स्वच्छ, निरभ्र. तोवर पाणी ओसरलं होतं.

बाहेर येऊन तिने आपल्या कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि ते शांतपणे म्हणाले, "नकाशा वरून मंजूर झालाय, सरपंचांची सही तेवढी राहिलीय. आता काय ओटीचा पुरावा जोडायचा?"

तिची नोकरी कंत्राटी होती. ती आत गेली आणि नकाशावर सरपंचांची सही घेऊन आली.

दोन वर्षांनी पुन्हा तसाच पाऊस लागला. हौसाबाईंना या खेपेस ओटी घेऊन मारुतीपर्यंत जावं लागलं नाही. माळावर मिळालेल्या नव्या घरकुलाच्या उंबऱ्यातच वाकून त्यांनी खण-नारळ पाण्यात सोडला.