आश्टेनबाखच्या ढालीवरचा हात

या, जवळ सरकून बसा, आणि हातातलं काम क्षणभर खाली ठेवा. आमच्या आश्टेनबाखच्या ढालीची गोष्ट आहे. कीर्तनासारखी मन लावून ऐकलीत तरच पोचेल.

“मास्तर, एकशे बारावं पान कुठं आहे?” एल्के फॉसनं विचारलं.

ती राज्याच्या अभिलेखागारातून आली होती. गावाच्या ढालीला, म्हणजे मानचिन्हाला, मंजुरी मिळून पंचवीस वर्षं होत होती. रविवारी सोहळा होता, आणि त्यासाठी निघणाऱ्या पुस्तकाचे पुरावे तपासणं हे तिचं काम. नगराध्यक्षेच्या कचेरीत तिच्या पुढ्यात चर्चची जुनी नोंदवही उघडी होती; मंजुरीच्या अर्जात मास्तरांनी तिच्याच एकशे बाराव्या पानाचा दाखला दिला होता.

नगराध्यक्षा ट्राउडेल हेगेले आलुबुखाराचा केक कापत होती. तिची सुरी थांबली.

“असेल हो कुठंतरी चिकटलेलं.”

“वहीला पानंच एकशे आठ आहेत.”

गॉटलोब रेंकर मास्तर भिंतीकडं बघत होते. वय शहात्तर. निम्मं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं, ट्राउडेलसुद्धा. त्यांनीच काढलेली ढाल समोर भिंतीवर होती: निळ्या रंगावर काळं दार, आणि दाराच्या फटीत कंदील धरलेला, लोकरी हातमोज्यातला एक हात.

तिची कथा पोरासोरांनाही पाठ. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या युद्धात, ऐन हिवाळ्यात, वेशीवरच्या वेल्टेन नावाच्या पहारेकऱ्यानं सरदाराचा हुकूम मोडला, दार उघडून कंदील बाहेर धरला आणि एकोणीस निराश्रितांना आत घेतलं. म्हणून नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी मुलं कंदील घेऊन दारोदार फिरतात आणि त्या दिवशी गावात एकही दार बंद राहत नाही; सोहळाही त्याच रविवारी ठेवला होता. चार वर्षांपूर्वी व्हिएतनामहून आलेल्या तीन कुटुंबांना ठेवून घ्यायचं की नाही यावर सभा अडली होती. कुणीतरी ढालीकडं बोट केलं. सगळे हात वर गेले.

“ते पान नव्हतंच,” मास्तर म्हणाले. “वेल्टेनही नव्हता. अर्जासोबत इतिहास जोडा म्हणाले सरकारवाले. मी रचला.”

ट्राउडेलनं दार लोटून घेतलं. “हळू बोला हो मास्तर. बाहेर कारकून बसलाय, त्याचे कान सशाचे आहेत.”

“उद्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगणार आहे मी.”

“उद्या? उद्या तुमच्या नावाचा दगड बसतोय चौकात!”

“म्हणूनच.”

“अहो, कुठलं गाव रचत नाही? शेजारच्यांच्या ढालीवर अस्वल आहे. त्यांच्या सात पिढ्यांनी अस्वल पाहिलंय का? त्यांच्याकडं केसाळ म्हणाल तर तो खाटीकच!”

एल्केला हसू आवरेना. मग ती मास्तरांकडं वळली. “मला अहवालात लिहावं तर लागेलच. तुम्ही आधी सांगितलंत तर बरं. पण एक विचारू? आत शेकोटीपाशी बसलेल्या पहारेकऱ्याच्या हातावर लोकरी हातमोजा का काढलात?”

“मास्तरांना बोटं काढता येत नाहीत म्हणून!” ट्राउडेल म्हणाली. “शाळेत फळ्यावर माणूस काढला की त्याचे हात खिशात असायचे.”

मास्तर हसले नाहीत. केक तसाच ठेवून ते घरी गेले.

रविवारी चर्च भरून गेलं. पहिलं भजन असं रंगलं, की म्हाताऱ्यांचेही आवाज कोवळे झाले. मग पाद्रीबाबांनी हात दिला आणि मास्तर प्रवचनाच्या ओट्यावर चढून कठड्यापाशी उभे राहिले.

त्यांनी सांगितलं. वेल्टेन खोटा. एकोणीस निराश्रित खोटे. पान खोटं. सांगताना मान वर झाली नाही.

मग मागच्या बाकावरून बेकरीवाला क्नॉर ओरडला, “बरं, मग काय झालं? दारं तर आम्ही खरीच उघडतो की!”

कुणीतरी हसलं. व्हिएतनामहून आलेल्या लामबाई उठून उभ्या राहिल्या. “मास्तर, तुमचं खोटं माझ्या लेकरांसाठी खरं ठरलं,” त्या म्हणाल्या. “देव तुमचं भलं करो.”

बायकांनी डोळ्याला पदरासारखे रुमाल लावले. ट्राउडेलनं सुटकेचा श्वास सोडला. पाद्रीबाबांनी खूण केली, ऑर्गनचे सूर उठले, आणि सगळं गाव क्षमेचं भजन गाऊ लागलं.

“थांबवा,” मास्तर म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी कठड्यावर मूठ आपटली. सूर अर्ध्यावर तुटले.

“मला एवढ्यात माफ करू नका. कथा खोटी आहे. चित्र खरं आहे.”

त्यांचा आवाज आता शाळेतल्यासारखा स्वच्छ होता.

“पंचेचाळीस सालचा जानेवारी, महायुद्धाचा शेवटचा हिवाळा. संध्याकाळची वेळ. शाळेमागच्या माझ्या खोलीत मी एकटा, शेगडी पेटलेली. पूर्वेकडून शत्रूच्या फौजेपुढं पळून आलेली माणसं रस्त्यानं चालली होती. दार वाजलं. मी कडी न काढता फटीतून पाहिलं. लोकरी हातमोज्यातला एक हात आणि कंदील; जेवढं दिसलं तेवढंच ढालीवर काढलं. मग आतला दिवा विझवला, आणि बाहेरची पावलं जाईपर्यंत श्वास धरून बसलो. पावलं गेलीच नाहीत. सकाळी ती बाई पायरीवरच होती, कोटाच्या आत लेकरू घेऊन, दोघंही गोठून गेलेली. तुम्ही पंचवीस वर्षं तो हात दार उघडणाऱ्याचा समजत आलात. तो दार वाजवणारीचा आहे. दार माझं होतं. कोटाच्या अस्तरावर नाव शिवलेलं होतं, ओटिली शोल्झ. लेकराचं नाव मला कधीच कळलं नाही. आज दारं उघडाल तेव्हा त्या दोघांची आठवण ठेवा.”