एकशिपी

बुधवारची जेवणं चालू असतानाच स्नेहलच्या फोनवर इशारा आला. खाडीत विषारी प्लवक वाढलंय, तिसऱ्या-शिंपले खाऊ नका. तेवढ्यात गार्गी म्हणाली, "मम्मी, माझे ओठ बधिर झाले."

विषाचं पहिलं लक्षण तेच होतं. सासूबाईंनी पहाटेच्या ओहोटीला तिसऱ्या काढल्या होत्या आणि स्नेहलने शिजवल्या होत्या. तिने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "गाडी पाठवतो. तोवर शिंपली वाचा."

तिसरीतला जीव भरतीगणिक शिंपलीवर नवा थर चढवतो आणि त्याने खाल्लेल्या प्लवकाची खूण त्या थरात उरते. ती वाचणारं यंत्र खाडीकाठच्या घराघरांत होतं. पण शिजलेली शिंपली त्याला वाचता येत नसे.

"एकशिपी केलीस ना?" सासूबाईंनी विचारलं. "रिकाम्या शिंपल्या कुठे टाकल्यास?"

"माडाच्या बुंध्याशी."

एकशिपीत तिसरी दुभंगतात, मांस चिकटलेली शिंपली कालवणात जाते आणि दुसरी कच्चीच फेकतात. सासूबाई ओंजळभर घेऊन आल्या. यंत्राने एकेक वाचली. शेवटच्या थरापर्यंत सगळ्या स्वच्छ होत्या.

"मग ओठ?" स्नेहलने विचारलं.

गार्गीने तोंडातून एक चावलेलं काळपट टरफल काढून दाखवलं. बांगड्याच्या कालवणात घालतात ते तिरफळ होतं, जिभेला झिणझिण्या आणणारं.

सासूबाई खाली बसल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि नातीचं अर्धवट ताट पुढ्यात ओढलं.

"तिसऱ्यांत तिरफळं कोण घालतं गं?" त्या म्हणाल्या आणि जेवू लागल्या.