लाडकी गायिका

भिलाईच्या सेक्टर दहामध्ये मारोतराव दर डिसेंबरात परदेशी रेडिओ स्टेशनवरच्या एका हिंदी कार्यक्रमाची वाट पाहत. वर्षभरात वारलेल्या जगभरच्या गायकांची गाणी त्यात लागत. यंदा टायफॉइडनं त्यांचे कान नेले. डाव्यात अगदी कानाला लागून बोललेलं तेवढं ऐकू येई, तेही आता जाणार, असं डॉक्टर म्हणाले होते. कार्यक्रमात गाणं लागताच बायकोनं, वसुंधरानं, त्यांच्या लाडक्या आफ्रिकी गायिकेचं नाव कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी रेडिओ कानाशी दाबला, आवाज शेवटपर्यंत वाढवला. तरी काहीच नाही. “बंद पडला काय?” त्यांचे डोळे भरले. तिनं नकारार्थी मान हलवली, रेडिओ काढून घेतला, त्यांच्या डाव्या कानाला ओठ लावले आणि रेडिओमागोमाग मोठ्यानं गाऊ लागली. शब्द चुकले, सूर चुकला नाही. “तुले गाता येते? चाळीस वर्षं कावून नाही सांगितलं?” उत्तराला ती थांबली नाही. गाणं संपत आलं होतं.