कमरेची ऊब

शहाऐंशी साली अमेरिकेत, पार्सिपनीत सुलेखानं नव्या नोकरीसाठी पर्स घेतली, त्याच आठवड्यात तिकडे वर्ध्याला आई गेली. ग्रीन कार्ड अडलेलं. जाता आलं नाही. आईचा हात शेवटचा हाती घ्यायचा राहूनच गेला.

आईचा बटवा कमरेला, सदा अंगाच्या उबेत. लेकीची पर्स खांद्याला, अंगापासून लांब.

“मॉम, युअर पर्स इज सो वॉर्म!” छोटी वीणा म्हणाली.

“उन्हात राहिली असेल गं.”

बाहेर तर बर्फ पडत होतं.

सुलेखानं पर्समध्ये हात घातला. वीतभर खोल पर्स, पण हात कोपरापर्यंत गेला तरी तळ लागेना.

“आई?”

आतून खरखरीत बोटांनी तिचा हात धरला आणि अलगद ओढला.

सुलेखानं दुसराही हात आत घातला.